सव्वीसवर उतरताना

सांबऱ्याच्या नाक्यावर दस्तगीरचा गाडा. चौघं आम्ही,
पाचवा कप बशीनं झाकलेला :
तो बसवप्रभूचा. तो अजून वर आहे,
आज पहिल्यांदा एकटा.

टेबलावर मीठदाणी म्हणजे मारिहाळ,
बिस्किटाचा पुडा ही धावपट्टी,
आणि चिन्मयचा तळहात हे विमान.
डावा पंख जरा खाली, उजवा पाय रेटलेला
(टेबलाखाली त्याचा पाय खरंच रेटलेला असतो).
"वारा डावीकडनं आला की बाई ऐकत न्हाई," तो म्हणतो.
बाई म्हणजे आमची जुनी सेसना,
शेपटीवरचं शेवटचं अक्षर उन्हानं निम्मं खाल्लेलं.
"वीटभट्टीवर उचलतीया, तळ्यावर सोडतीया.
पुस्तकात शोधू नको. दुपारी दोनला ये, बघ."

इनास खानापूरचा, कमी बोलतो.
सकाळी सहाला धुक्यात त्यानं हवाई दलाचं
एक मोठं धूड उतरताना पाहिलं म्हणे,
पोटाखाली चाकंच चाकं.
"मोजलास?"
"मोजली."
"किती?"
तो चहा पितो. आम्हाला कळतं, धुकं दाट होतं.

मी त्यांना टिटवीचं सांगते.
धावपट्टीच्या कडेला, पांढऱ्या पट्ट्याच्या आत,
तिनं चार अंडी घातलीत.
मी पन्नास फुटांवर असताना ती उठत नाही,
चाकं टेकली की उठते, शिव्या देते, परत बसते.
माझं उतरणं तिच्याइतकं जवळून
कोणी बघितलेलं नाही.

मंगळवारचं मात्र मी सांगत नाही.
ते कॅप्टन पोतनीसांनीच सगळ्यांना सांगितलंय,
आठशे फुटांवर मी अचानक मान कशी वाकडी केली,
"काय ऐकूलीस गं?" "सर, हिचं बोलणं बदललं."
काटे सगळे हिरव्यात.
त्यांनी काट्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि परत फिरले.
मेकॅनिकनं संध्याकाळी एक स्पार्क प्लग
तळहातावर ठेवून दाखवला,
चिरेची रेघ केसाएवढी.

कसं कळलं, चिन्मय विचारतो. आजही विचारतो.
असंच, मी म्हणते.

वडगावला आमच्या घरात सहा माग,
आणि त्यांच्याच खोलीत माझी खाट.
अप्पा त्या खडखडाटात घोरत झोपायचे,
आणि ताण्यातला एक धागा तुटायच्या आधी,
तुटल्यावर नव्हे, आधी,
उठून बसायचे.
कितव्या मागाचा, तेही अंधारात.
मला कधी शिकवलं नाही त्यांनी.
मी फक्त तिथं झोपायचे.

फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहिताना
मी तेव्हा "खाजगी" लिहिलं होतं.

"आला," दस्तगीर म्हणतो.
आम्हाला अजून काहीच ऐकू येत नाही.
मग मारिहाळच्या अंगानं बारीक गुरगुर,
चिन्मयचा तळहात आपोआप उचलला जातो.
भट्टी. आता उचलेल. उचललं.
तळं. सोडेल. नाक धर, पुढं ढकलू नको, नाक धर.
इंजिन मंद होतं, आणि त्या मंदपणात
कॅप्टनचा आवाज आमच्या चौघांच्या कानात एकदमच :
निधान. निधान. निधान.

कुंपणापलीकडे बाभळी आहेत, काही दिसत नाही.
टायर एकदा बोलतं.
मग बोलत नाही. फार वेळ बोलत नाही.
बिस्किटाचा पुडा केवढा लांब आहे.
मग परत एकदा बोलतं, हळू,
आणि लगेच टिटवी, लांबवर, मनसोक्त.

"एक उडी," इनास म्हणतो. "चालतंय."
चिन्मय तळहात खाली ठेवतो, पुड्यावर नाही, मांडीवर.

दस्तगीर बशी उचलतो,
कपात बोट बुडवून बघतो,
आणि गार झालेला चहा
रस्त्याच्या लाल मातीत ओतून
नवा टाकतो, मोजून पाच.